घर घेताना मिळालेली तोंडी आश्वासनं : तुमचे अनुभव सांगा

"ताबा द्यायच्या आत गळती काढून देतो." "वायरिंगचं माझ्यावर सोडा, माझा माणूस आहे." "एवढ्याशासाठी कागद कशाला, आपण काय परके आहोत?" घर बघत फिरलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर यातलं एखादं वाक्य आलेलं असतं. बोलणारा बरेचदा मनापासून बोलतो. पण खरेदी पूर्ण होऊन पैसे पोचले की त्याचं लक्ष पुढच्या घराकडे लागतं आणि आपल्या गळतीची आठवण फक्त आपल्यालाच उरते.

हा धागा काढायला कारण माझ्या बहिणीचं घर. घर बघताना न्हाणीघराबाहेरच्या छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसत होता. बाकीचं छत पिवळसर आणि तेवढा चौकोन पांढराशुभ्र. तिने विचारलं, तेव्हा मालक म्हणाले, "थोडी ओल होती, करून देतो सगळं." राहायला गेल्यावर काही महिन्यांतच त्या चौकोनावर फुगे आले. फुगा बोटाने दाबला की रंगाचा पापुद्रा सुटायचा आणि आतून पिठासारखी पांढरी पूड पडायची. लोणा. पाणी प्लास्टरमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर कितीही रंग चढवला तरी खालून पाणी येतंय तोवर तो टिकत नाही. दोष निघाला वरच्या मजल्याच्या सांडपाण्याच्या जोडात. मालकांना फोन केला, तर त्यांचं म्हणणं, "मी रंग देऊन देतो म्हणालो होतो, तो दिला." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या मनात रंग होता, हिच्या मनात पाइप होता आणि दोघांमध्ये कागद नव्हता. खर्च अर्थातच बहिणीने केला.

तुम्हाला काय सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, शेवट काय झाला ते लिहा. कागद केला असेल तर त्यात काय लिहिलं होतं तेही लिहा, त्याचा इतरांना उपयोग होईल.

०००

चांगला विषय. आमच्याकडे शब्द मालकाने दिलाच नव्हता, एजंटने दिला होता.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट माझ्या सासऱ्यांनी सहज टकटक करून पाहिली. वरचा भाग भरीव वाजला, जमिनीलगतचा वीतभर भाग पोकळ. कपाट जरा सरकवलं तर मागे भिंतीवर मातीच्या बारीक रेघा. वाळवी. एजंट लगेच म्हणाला, "मालक ट्रीटमेंट करून, चौकट बदलून देणार आहेत, माझं बोलणं झालंय." आम्ही विसार दिला. ताबा घेताना चौकट तीच. मालकांना विचारलं तर ते चकित झाले, "मला तर कोणी काही विचारलंच नाही." खरंच विचारलं नव्हतं. मालकाने स्पष्ट अधिकार दिला नसेल, तर त्याच्या वतीने काही कबूल करणं एजंटच्या हातात नसतं. एजंटचं कमिशन व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असतं, हे लक्षात ठेवून त्याचं बोलणं ऐकावं. आता कोणी विचारलं की मी एकच सांगते, मालक समोर असताना विचारा आणि उत्तर त्याच संध्याकाळी त्यांना मेसेज करून "बरोबर ना?" असं लेखी घ्या.

०००

मी करारनाम्यांचे मसुदे करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

घराच्या व्यवहारात लेखी कागदाला महत्त्व असणं ही जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १६७७ साली त्यासाठी कायदाच झाला, की जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचा नसेल तर तो कोर्टातून अंमलात आणता येणार नाही. तोंडी साक्षीवर खोटे दावे उभे राहत होते, हे त्यामागचं कारण. पुढे अनेक देशांच्या कायद्यांवर त्याची छाप पडली.

आज अडचण येते ती एका छोट्या कलमामुळे. बऱ्याच करारनाम्यांत शेवटी असं काहीतरी असतं : "या विषयासंबंधी उभय पक्षांत यापूर्वी झालेली सर्व बोलणी व आश्वासने या करारनाम्यात समाविष्ट असून याव्यतिरिक्त कोणतेही आश्वासन देण्यात आलेले नाही." याच्या जोडीला "आहे त्या स्थितीत" हे शब्द. यावर सही केली की बैठकीत ऐकलेलं "करून देतो" स्वतःच्याच सहीने नाकारल्यासारखं होतं. फसवणूक सिद्ध करून दाद मागता येते, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चिक असतो. म्हणून सही करण्याआधी शेवटची दोन पानं सावकाश वाचा.

आणि कागद केला म्हणजे काम झालं असंही नाही. "विक्रेता आवश्यक ती दुरुस्ती करून देईल" हे वाक्य मी पुष्कळदा पाहिलंय आणि ते जवळपास निरुपयोगी आहे. आवश्यक म्हणजे काय, हे कोण ठरवणार? त्याऐवजी असं लिहा : "मागील न्हाणीघराची फरशी काढून, खालचा जलरोधक थर नव्याने करून, सांडपाण्याचा जोड बदलून, पाणी साठवून चाचणी घेऊन विक्रेता हे काम ताब्याच्या तारखेपूर्वी स्वखर्चाने पूर्ण करेल. चाचणी खरेदीदाराच्या उपस्थितीत होईल. काम अपूर्ण राहिल्यास किमतीतील ठरलेली रक्कम खरेदीदार राखून ठेवेल." वाक्य लांबलचक दिसतं, पण यातला एक शब्दही जास्तीचा नाही. राखून ठेवायची रक्कम दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा थोडी जास्त असावी, नाहीतर काम करण्यापेक्षा पैसे सोडून देणं सोपं वाटतं. दोघांना मान्य असेल तर ती वकिलाकडे किंवा तिसऱ्या विश्वासाच्या ठिकाणी ठेवावी.

०००

वरच्या ताईंनी नेमकं लिहिलंय. मात्र माझा कल दुरुस्ती करून घेण्यापेक्षा किंमत कमी करून घेण्याकडे आहे.

आम्ही घेतलेल्या घरात सगळीकडे तीन पिनांची सॉकेट होती. माझा मित्र इलेक्ट्रिकल काम करतो, त्याने मालकांच्या परवानगीने मेन बंद करून एक बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नव्हती. दुसऱ्या बोर्डात हिरवी वायर होती, पण कुठेही न जोडता कापून मागे दुमडलेली. म्हणजे अर्थिंग फक्त दिसायला. फ्रिजच्या किंवा गिझरच्या बॉडीत करंट उतरला, तर तो जमिनीत न जाता हात लावणाऱ्या माणसातून जाणार. वितरण पेटीत गळतीचा करंट ओळखून पुरवठा तोडणारं उपकरणही नव्हतं. माणसाच्या संरक्षणासाठी साधारण ३० मिलिॲम्पिअरचं बसवतात.

मालक म्हणाले, "करून देतो की." भला माणूस. पण जे घर आपण सोडून चाललोय, त्याच्या भिंतीतल्या वायरवर कोण चांगला खर्च करेल? तो स्वस्तातला माणूस बोलावणार, काम घाईत उरकणार आणि वरून प्लास्टर झालं की आत काय आहे ते कोणालाच दिसणार नाही. आम्ही पूर्ण वायरिंगचा लेखी अंदाज आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घेतली. काम आमच्या माणसाने आमच्या देखरेखीखाली केलं. मालकांनाही ते सोपं गेलं, त्यांच्यामागचा एक व्याप कमी झाला.

कर्ज काढून घर घेणाऱ्यांनी किंमत कमी झाल्याचं बँकेला आधीच कळवावं, कर्जाची रक्कम बदलू शकते.

०००

आमचा अनुभव थोडक्यात. शब्द देणारे आजोबा अतिशय सरळ होते. मागची संरक्षक भिंत कलली होती, ती बांधून देतो म्हणाले. विसार आणि खरेदी यांच्या मधल्या काळात ते वारले. त्यांच्या मुलांना या बोलण्याची काहीच कल्पना नव्हती, त्यांनी वडिलांच्या कागदांत शोधलं, काहीच नव्हतं. त्या घरात दुःख चालू असताना भिंतीचा विषय काढणं आम्हाला जड गेलं. आम्ही तो सोडून दिला. दोन ओळी लिहिलेल्या असत्या तर त्या मुलांनाही बरं पडलं असतं.

०००

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण हे एकतर्फी होऊ नये.

घर विकताना मी खरेदीदारांना "खिडक्यांचं बघून देतो" म्हणालो होतो. माझ्या डोक्यात गंजलेल्या बिजागऱ्या आणि फुटलेली काच. व्यवहार झाल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्या नव्या बसवून मागितल्या, आणि माझ्या मोघम बोलण्यावरून त्यांना तसं वाटणं अगदीच चूकही म्हणता येत नाही. कटुता आली. दुसरी मालमत्ता विकताना मीच यादी केली : काय करून देणार आणि काय करून देणार नाही. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो जोडले, दोघांच्या सह्या घेतल्या. विकणाऱ्यांनीही हे जरूर करावं, कागद त्यांनाही वाचवतो.

०००

शब्द पाळणारेही भेटतात हे नोंदवते. आमच्या मालकीणबाईंनी कसलाही कागद नसताना पाण्याची टाकी दुरुस्त करून घेतली आणि पावती आमच्या हातात दिली. त्यांच्याबद्दल कायम आदर वाटेल. तरीही पुढच्या वेळी मी लिहूनच घेईन.

०००

एक मदत हवी आहे. आमचा ताबा जवळ आलाय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून दिलंय असं मालक सांगतात, करारात ती ओळ नाही. आता काय करता येईल?

०००

(धागाकर्ता) खरेदी अजून झालेली नाही, म्हणजे अजून मागता येईल. आधी ज्याने काम केलं त्याचं बिल आणि हमीपत्र मागा. हमी नव्या मालकाला लागू राहील असं त्याच्याकडून लिहून घ्या, नाहीतर ती जुन्या मालकाबरोबरच संपू शकते. मग चाचणी. स्लॅब मजबूत आहे याची इंजिनिअरकडून खात्री झाली असेल तरच गच्चीची तोंडं बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा, कडेला पेन्सिलने पातळीची खूण करा आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. उन्हाने पातळी थोडी उतरेल, त्याने घाबरू नका. खालच्या खोलीच्या छताचे फोटो पाणी भरण्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून काढा. पाइप जिथून स्लॅब फोडून खाली येतात ते कोपरे आणि कठड्याचा जोड आधी तपासा, गळती बहुधा तिथेच असते. ओल दिसली तर खरेदीच्या तारखेआधी वकिलाकडून पुरवणी करार करून घ्या. मालक त्याला तयार नसतील, तर तारीख पुढे ढकला.