'फुकट दिलं तर तो गुन्हा कसला?'

या चर्चेत एकाने लिहिलंय की पैसे घेतले नाहीत तर ती विक्री नव्हे, म्हणून मित्राला नशेची गोळी दिली तर काही बिघडत नाही. हा गैरसमज भलताच महागात पडू शकतो. अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 36 पाहा. त्यात विक्रीबरोबरच नुसतं जवळ बाळगणं, देऊ करणं, वाटणं आणि 'कोणत्याही अटीवर' हवाली करणं हेही वेगवेगळं मोजलंय. बहुतेक देशांचे कायदे याच साच्यातले. म्हणजे चौघांनी वर्गणी काढली आणि एकाने आणून वाटलं, तर सगळ्यात जास्त अडकतो तो आणणारा. (बहुधा गटातला सगळ्यात भिडस्त!)

दारूबद्दल एकच. कोणी बेशुद्ध पडला तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. पोटातली दारू नंतरही रक्तात मिसळत राहते, कॉफी किंवा गार पाण्याने ती लवकर उतरत नाही, आणि उताणा असताना उलटी झाली तर श्वास अडकतो. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. पोलिसांचं नंतर बघता येईल.