प्रति: विमानवाहू नौका मोजून महासत्ता ठरते का?
"ज्याच्या विमानवाहू नौका जास्त, तोच महासत्ता" हा या चर्चेत मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटला. १९५६चं सुएझ आठवा. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलैत सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ऑक्टोबरअखेर इस्राएल इजिप्तच्या सिनाईत घुसलं आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैदला उतरलं. लष्करीदृष्ट्या मोहीम फत्ते होत आली होती. थांबावं लागलं ते पौंडापायी. पौंडाची विक्री सुरू झाली, ब्रिटनची डॉलरची गंगाजळी आटू लागली आणि अमेरिकेच्या आयझेनहॉवर प्रशासनानं बजावलं, युद्ध थांबवा, मगच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचं बोलू. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी, जानेवारीत ब्रिटिश पंतप्रधान ईडन घरी. नाक दाबलं ते दोस्तानंच! (रॉकेटांची धमकी सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिननंही दिली होती, पण त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे हंगेरीतला उठाव चिरडत बुडापेस्टमध्ये फिरत होते, तेव्हा त्यांच्या साळसूदपणाबद्दल न बोललेलं बरं.)

आज तेच चीन करतो, फक्त चलनाऐवजी खनिजांनी. ट्रम्प यांच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून एप्रिल २०२५मध्ये त्यानं सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या, वाहनांत लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. काही आठवड्यांत अमेरिका, युरोप आणि भारतातले वाहन उत्पादक हवालदिल. दुर्मिळ मृदा धातूंचं खनिज मोनाझाइट आपल्या केरळच्या किनाऱ्यावरही आहे, पण या धातूंच्या जगातल्या शुद्धीकरणाचा साधारण ९० टक्के वाटा चीनकडे.

मात्र युआन लवकरच डॉलरची जागा घेईल, हे इथलं दुसरं भाकीत अजिबात पटत नाही. भांडवल देशाबाहेर नेण्यावर इतके निर्बंध असलेलं चलन कुठली मध्यवर्ती बँक डोळे झाकून साठवेल?