जपून ठेवलेली जुनी खेळणी नातवाला द्यावीत का?

माळ्यावरची_पेटी:
मुलाची लहानपणची खेळणी मी पेटीत जपून ठेवली होती. पिवळा-लाल प्लास्टिकचा खुळखुळा, रंगीत लाकडी चकत्यांचा मनोरा, दाबलं की चूं करणारं बदक, चाकांचा लाकडी घोडा. नातू आता सात महिन्यांचा झाला म्हणून सगळी धुऊन-पुसून काढली, तर सूनबाई म्हणते, "आई, ही कपाटात शोभेला ठेवूया, बाळाला नकोत." भांडण नाही, पण पटलेलंही नाही. याच खेळण्यांवर मुलगा वाढला, ठणठणीत आहे. हल्लीची खेळणी स्वतःच गातात, स्वतःच नाचतात, मग मुलाने करायचं काय? जुनं ते धोक्याचं, हे खूळ आलं कुठून?

चिकित्सक:
काकू, मुलगा ठणठणीत आहे याचा आनंदच आहे, पण तो पुरावा नव्हे. जुन्या खेळण्यांच्या रंगात, प्लास्टिकमध्ये शिसं असू शकतं, आणि ते पोटात गेलं तर लगेच काही दिसत नाही. परिणाम होतो तो मेंदूच्या वाढीवर, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही माहीत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात 2018 मध्ये 200 वापरलेली प्लास्टिकची खेळणी क्ष-किरणांनी तपासली. बऱ्याच खेळण्यांत शिसं, कॅडमियम असले विषारी धातू सापडले, आणि पिवळी, लाल, काळी खेळणी त्यात पुढे होती. तुमच्या खुळखुळ्याचा रंग काय म्हणालात? हे प्लास्टिकमध्येच मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. आणि सात महिन्यांचं बाळ हातात येईल ते आधी तोंडात घालतं.

नाना_आजोबा:
साफ असहमत. इतकं घाबरायचं तर बाळाला काचेच्या कपाटातच ठेवा. नव्या खेळण्यांचं काय? नातीला गाणी म्हणणारं पुस्तक भेट आलं. पाठीमागचं बॅटरीचं झाकण मी नुसत्या नखाने उघडलं, स्क्रूचा पत्ता नाही! आत गोल चपटे सेल. 20 मिमीचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. सेल फुटावा लागत नाही, ओल्या जागी वीज वाहते आणि तिथेच अल्कली तयार होते. काकूंच्या मनोऱ्यात निदान हे तरी नाही.

चिकित्सक:
नाना, सेलबद्दल शंभर टक्के मान्य. त्यात लोहचुंबकही जोडा: दोन गिळले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत फाटते. पण नवं वाईट निघालं म्हणून जुनं चांगलं कसं ठरेल?

रात्रपाळीची_आई:
काकू, मी तुमच्या सूनबाईच्या जागी आहे, तरी अर्धी तुमच्या बाजूने. 2016 मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. खेळणं बोलायला लागलं की आईबाप गप्प होतात. पुस्तक किंवा साधी खेळणी असताना बाळाशी जास्त बोलतात. आमच्या घरी तंतोतंत हेच होतं. या वयात आपटणं, टाकणं, या हातातून त्या हातात घेणं, हाच सगळा खेळ. डबा आणि झाकण पुरतं.

बदकाचं मात्र बघा. दाबून पाहा, हाताला चिकट लागतं का? जुनं मऊ पीव्हीसी प्लास्टिक असेल तर ते मऊ ठेवणारी रसायनं हळूहळू बाहेर येतात. यातली काही थॅलेट्स तर मुलांच्या खेळण्यांसाठी अनेक देशांत आता बंद आहेत. शिवाय पोटातली शिट्टी सैल होऊन निघू शकते.

नाना_आजोबा:
त्या अभ्यासात आईबाप-मुलांच्या जोड्या होत्या फक्त 26. तेवढ्यावरून जगाला शहाणपण? माझी नात त्या पुस्तकातल्या गाण्यावर टाळ्या वाजवते. (स्क्रू मी बसवून घेतलाय.)

रात्रपाळीची_आई:
26 कमी आहेत, खरंय. पण टाळ्या ती तुमच्याकडे बघून वाजवते की पुस्तकाकडे, ते एकदा बघा.

माळ्यावरची_पेटी:
बदक चिकट लागतंय, ते गेलं. खुळखुळा तूर्त पेटीत. पण मनोरा मी सोडणार नाही, रंगाचा एक टवका उडालेला नाही. आणि घोड्याच्या चाकांवरच्या दोन टोप्या गायब आहेत. मुलाने तेव्हाच उपटल्या होत्या, गेल्या कुठे ते आजतागायत कळलं नाही.

चिकित्सक:
ठणठणीत आहे म्हणालात ना! 😄
त्या टोप्यांसारख्या घशात अडकू शकणाऱ्या तुकड्यांसाठीच अमेरिकेत 1980 पासून नियम आहे: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग 31.7 मिमी रुंदीच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच होते. उरलेल्या टोप्या ओढून पाहा. मनोऱ्याचा रंग प्रयोगशाळेत तपासून घ्या, टवका नसला तरी चावल्यावर निघतो. हे जमणार नसेल तर सूनबाईचं कपाट बरं.

नाना_आजोबा:
घोड्यावरून विचारतो, वॉकरचं काय? आमच्याकडे सगळी पोरं त्यातच चालायला शिकली.

रात्रपाळीची_आई:
नाना, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. जिन्यावरून वॉकरसकट पडणं हा तर नेहमीचा अपघात. कॅनडाने 2004 मध्ये विक्रीच बंद केली. बाळ धरून नीट उभं राहायला लागलं की मागून ढकलायची गाडी द्या.

नाना_आजोबा:
तीही गुळगुळीत फरशीवर सुसाट सुटते आणि पोर तोंडावर आपटतं. चाकं जड फिरणारी बघून घ्या, नाहीतर गाडीत चार जाडजूड पुस्तकं भरा.