क्रिएटिन कोण कोण घेतंय? वयाप्रमाणे अनुभव लिहा

मी सुरुवात करतो. वय ५४, जिम कधीच नव्हती, गेल्या वर्षी वजनं उचलायला लागलो आणि तिथल्या पोरांचं बघून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट चालू केलं, म्हणजे मांस-मासळीत असतं आणि स्नायूंत साठतं तेच, पावडरच्या रूपात. त्याने आयुष्य वाढतं असं सगळीकडे ऐकू येतं म्हणून जरा खोदून वाचलं तर २००८ चा अभ्यास निघाला, तोही उंदरांवरचा, क्रिएटिन दिलेले उंदीर साधारण ९ टक्के जास्त काळ ठणठणीत जगले. माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा काही सापडला नाही. तरी जिना चढताना फरक जाणवतोय, आता तो पावडरचा की व्यायामाचा, देव जाणे. तुमचं काय?

---

दादा, माझं ऐका. मी ६३ वर्षांची, शुद्ध शाकाहारी. पहिले तीन महिने नुसतं पाण्यात घालून प्यायले, व्यायाम शून्य, आणि फरकही शून्य. मग मुलीने खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायला लावली, पाच व्हायची मारामार होती, आता दोन किलोचं डंबेल छातीशी धरून बारा होतात! मांसाहार नसला की स्नायूत साठा मुळात कमी असतो त्यामुळे आपल्याला जास्त लागू पडतं म्हणे. हाडं मात्र त्याने भरत नाहीत हं, पाळी गेलेल्या बायकांवर दोन वर्षं प्रयोग झाला त्यात घनता वाढली नाही.

---

लोडिंगच्या, म्हणजे स्नायूतला साठा झटपट भरायला सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस घेण्याच्या, नादी लागू नका एवढंच सांगतो. दिवसाला २० ग्रॅम, तेही मी शहाण्याने चार वेळा विभागून न घेता दोनदाच घेतलं, दुसऱ्या दिवशी अर्धी सकाळ संडासात. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायूतला साठा भरतोच, घाई कसली? आणि पहिल्या आठवड्यात काटा दीड किलो वर गेला तर घाबरू नका, पाणी असतं ते.

---

माझी फजिती. वार्षिक तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनी कशी चालतेय ते बघतात, १.४ आलं, आधी १.० असायचं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं काही औषध घेता का, मी म्हटलं छे, कारण पावडर म्हणजे औषध असं डोक्यातच नाही. त्या रात्री झोप नाही, बायकोने नेटवर किडनीचं इतकं वाचलं की विचारू नका. दुसऱ्या भेटीत तीच बोलली, "अहो तो डबा सांगा की." क्रिएटिन मोडूनच क्रिएटिनिन बनतं, म्हणजे किडनी ठीक असूनही आकडा वर दिसू शकतो. मग सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्तचाचणी करायला लावली, ती नॉर्मल आली. पण ज्यांची किडनी आधीच नाजूक आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

---

मला काडीचा फरक पडला नाही. चार महिने, रोज, एक दिवस चुकवला नाही. मटण-मासे भरपूर खातो, आधीच टाकी भरलेली असेल. ग्लासच्या तळाला उरलेली ती रेती बोटाने पुसून चाटायचो, तेवढीच आठवण. क्रिएटिनने केस गळतात असं काही जण म्हणतात, पण माझे आधीपासूनच गळतायत, बिचाऱ्या पावडरला कशाला दोष.

---

बाबांना पार्किन्सन्स आहे म्हणून मी आशेने वाचत होतो. रोज १० ग्रॅम देऊन १७०० हून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली, उपयोग दिसेना म्हणून २०१३ मध्ये थांबवली. बाबांना दिलं नाही. मी स्वतः घेतो, पण जिमसाठी.

---

परत मीच, धागा काढणारा. बापरे, माझी तपासणी परवाच आहे! आजपासून बंद करू का?

---

काका, दोन दिवसांनी काय होणार, स्नायूतला साठा पूर्ण उतरायला चार-सहा आठवडे जातात. डबाच घेऊन जा सोबत.