मेंढीच्या कासेचा ‘अर्धा भाग’: शब्द सुचवा

टिपणकार: मेंढ्यांच्या कासदाहावरची, म्हणजे कास सुजण्याच्या रोगावरची, माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. मेंढीच्या कासेत मधोमध पडदा असतो, दोन्ही बाजू स्वतंत्र, एकेकीला एक सड. एकीकडचं दूध दुसरीकडे जात नाही. अशा एका बाजूला मूळ मजकुरात ‘हाफ’ म्हटलंय, गायीच्या बाबतीत ‘क्वार्टर’. मी ‘अर्धी कास’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी त्याचं ‘स्तनार्ध’ केलं. मेंढपाळाला काय कळेल?

माळरान: सरळ ‘सड’ लिहा. ‘म्हशीचा एक सड गेला’ म्हणतो तेव्हा सड जागेवरच असतो, गेलेलं असतं ते त्याच्या वरचं दूध. ‘म्हैस तीन सडांवर आहे’ म्हटलं की गवळ्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

शुद्धाक्षर: बोलताना ठीक. पण ‘सडाला चीर पडलीय का’ आणि ‘वरचा भाग कडक झालाय का’ या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, दोन्हीकडे सड लिहून कसं चालेल? शिवाय घोडी घ्या. तिला सड दोन, पण एकेका सडाला साधारण दोन छिद्रं आणि प्रत्येक छिद्रामागे दुधाची वेगळी वाट. ‘स्तनार्ध’ बोजड असेल, पण नेमका आहे.

दुभतं: पुस्तिका मेंढीची आहे, घोडी कशाला? ‘कप्पा’ म्हणा. डावा कप्पा, उजवा कप्पा. गाय-म्हशीला चार, शेळी-मेंढीला दोन. आणि जनावराला ‘स्तन’ हा शब्द मला फार खटकतो. कास आणि आचळ असताना तो हवाच कशाला?

माळरान: कप्पा पेटीला असतो. पोसलेल्या जनावराच्या बाबतीत असं कोणी बोलत नाही. आम्ही ‘डावीकडची कास’ म्हणतो. धारेला बसण्याआधी दोन्हीकडे तळहात फिरवायचा, बिघडलेली बाजू गरम आणि घट्ट लागते, पहिल्या धारेत गाठी येतात. कधी त्याआधी कोकरूच सांगतं: एकाच बाजूला ढुशा देतं, दुसरीकडे तोंड लावलं की आई लाथ झाडते. आणि आचळ शेळी-मेंढीचं, सड गाय-म्हशीचा. हा भेद पाळा.

दुभतं: असा भेद मी ऐकलेला नाही. आमच्याकडे चौघींनाही सडच.

शुद्धाक्षर: ‘आचळ’ हे ‘अंचल’वरून आलं असावं. अंचल म्हणजे टोक, पदराचं टोक. म्हणजे कासेचं टोक.

दुभतं: मग ‘कास धरणे’सुद्धा वासरानं कास धरण्यावरूनच ना? जगायला तोच आधार.

शुद्धाक्षर: नाही. ती कास कासोट्याची, नेसूच्या वस्त्राची. बुडणारा दुसऱ्याची कास धरतो ती ही.

दुभतं: मला वासराचीच पटते. धरून सोडत नाही ते वासरूच.

माळरान: व्युत्पत्ती राहू द्या. पुस्तिकेत ‘पान्हा’ कुठे येतो का? तो शब्द घालवू नका. ‘दूध उतरण्याची प्रक्रिया’ वाचलं की जीव तुटतो.

टिपणकार: येतो, पण मूळ मजकूर म्हणतो की शेळी-मेंढीच्या कासेत खाली दूध साठायची जागा मोठी असते, त्यामुळे पान्ह्याआधीही बरंच दूध हाती येतं. गाय-म्हशीत बहुतेक दूध वर बारीक पिशव्यांत असतं आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटल्यावरच खाली येतं, म्हशीत तर जवळजवळ सगळंच. मग मेंढीला ‘पान्हा आला’ म्हणावं का?

शुद्धाक्षर: ‘प्रस्नव’पासून पान्हा. स्रवणं एवढाच अर्थ, तेव्हा सर्वांना लागू.

माळरान: धार लागणं वेगळं, पान्हा वेगळा. पान्हा येतो तो पिल्लू बघून. परका माणूस आला, कुत्रं भुंकलं की म्हैस पान्हा चोरते.

दुभतं: ‘चोरते’ हा तिच्यावर अन्याय आहे. भेदरली की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. ती लपवत काही नाही.

माळरान: शब्द चोरण्याचाच आहे, पिढ्यान्पिढ्या. तो बदलून तुम्ही काय म्हणाल?

दुभतं: ‘पान्हा अडला’ म्हणेन.

माळरान: अडते ती गाभण, विताना. पान्हा अडत नाही.