जुन्या गाडीचा पुढचा फोर्क: जाड तेल, नवी स्प्रिंग की एम्युलेटर?

प्रश्न
१९७० च्या दशकातली दोन सिलिंडरची मोटारसायकल, वजन साधारण १९० किलो, ३५ मिमी ट्यूबचा डॅम्पर रॉडवाला फोर्क (म्हणजे आत स्प्रिंग आणि तेल, आणि दणका शोषायला तेल भोकं असलेल्या नळीतून जातं). ब्रेक जोरात दाबला की पुढचा भाग पार बसतो, आणि रस्त्यातल्या खाचेवर हँडलला ठोका लागतो. १० ग्रेडऐवजी २० चं तेल घातलं तर बसणं जरा कमी झालं, ठोके मात्र वाढले. बाहेरून गाडी मूळचीच दिसायला हवी. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
ठोके वाढणारच. डॅम्पर रॉडची भोकं ठराविक मापाची असतात आणि त्यांतून तेलाला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेक मारताना फोर्क सावकाश दबतो, तेव्हा भोकं फारशी अडवत नाहीत. खाचेवर तो झटक्यात दबतो आणि तेलाला वाटच मिळत नाही. पुढचा भाग किती बसतो हे मुख्यतः स्प्रिंगवर ठरतं, तेलावर नाही.

आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर फोर्क किती दबतो ते. चाक अधांतरी ठेवून डस्ट सीलपासून (ट्यूबवरचं धूळ अडवणारं रबर) खालच्या क्लॅम्पपर्यंतचं (ट्यूब धरणारी पकड) अंतर घ्या. मग गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर दोनदा मोजायला सांगा: एकदा फोर्क दाबून हळू सोडल्यावर, एकदा वर उचलून हळू सोडल्यावर. दोन्हींची सरासरी पहिल्या मापातून वजा करा. १३०-१४० मिमी ट्रॅव्हलला (फोर्क एकूण जेवढा दबू शकतो ते अंतर) ३५-४० मिमी सॅग ठीक. ही दोन मापं एकमेकांपासून फारच लांब असतील तर फोर्क कुठेतरी अडकतोय: ट्यूब वाकलेली, बुश झिजलेले, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका. ते निस्तरल्याशिवाय नव्या भागांवर खर्च करू नका.

मग तुमच्या वजनाला साजेशी, एकसारख्या ताकदीची स्प्रिंग घ्या. या वजनाच्या गाडीला ०.८०-०.८५ किलो/मिमीपासून सुरुवात करता येते.

उत्तर २
स्प्रिंगबद्दल सहमत, पण ठोके जायला एम्युलेटर लागेल, म्हणजे फोर्क दबताना तेलाची वाट नियंत्रित करणारा छोटा व्हॉल्व्ह. तो डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो आणि वरून स्प्रिंग त्याला दाबून धरते. बाहेरून काहीच दिसत नाही. रॉडच्या खालच्या बाजूची कॉम्प्रेशनची (फोर्क दबतानाची) भोकं ८ मिमीची करायची, एकूण सहा. समोरासमोरची जोडी, पुढची जोडी तिच्याशी काटकोनात, मध्ये निदान १० मिमी अंतर. एकाच पातळीवर सगळी पाडलीत तर रॉड कमकुवत होतो. वरचं बारीक रिबाउंडचं (फोर्क परत येतानाचं) भोक अजिबात मोठं करू नका! कडा घासून कीस पूर्ण धुऊन काढा, नाहीतर तोच कीस बुश खातो.

यानंतर दबताना एम्युलेटर काम करतो आणि परत येताना तेलाचा जाडपणा. म्हणून १५ ग्रेड. स्प्रिंगवरचा स्पेसर (नळी) एम्युलेटरच्या उंचीएवढा आखूड करा, नाहीतर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचाच दाब) तेवढा वाढतो. तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, ट्यूबच्या वरच्या कडेपासून १४०-१५० मिमी. पातळी चढवली की वरची हवा कमी होते आणि शेवटचा ट्रॅव्हल कडक होतो. फार भरलंत तर सील फुटते.

उत्तर ३
उघडण्याच्या क्रमाबद्दल थोडं. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी सैल करा, मगच फोर्कची वरची टोपी ढिली करा. तळाचा डॅम्पर बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सोडवा. स्प्रिंगचा दाब नसला की रॉड बोल्टबरोबर फिरत राहतो. टोपी पूर्ण काढताना वरून दाबून धरा, चेहरा बाजूला ठेवा. तळाचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. नवी सील चढवताना ट्यूबच्या कडेवर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी ओढा, म्हणजे सीलचा ओठ कापला जात नाही. ट्यूबवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र सील टिकणार नाही, आधी ट्यूब बदला.

चाक बसवल्यावर अ‍ॅक्सलचा नट घट्ट करा, पण अ‍ॅक्सलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा. फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसले की मग तो क्लॅम्प घट्ट करा.