मागच्या खोलीत वर्तुळ लांबट, फक्त गुरुवारी गोल. स्प्लिटर बदलू का?

वर्तुळवाली

नमस्कार. सदाशिव पेठेत दहावीच्या गणिताचा क्लास घेते. वाड्याच्या माडीवर पुढची खोली, मागची खोली आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी, एवढीच जागा. मुलं वाढली, खोल्या वाढेनात. म्हणून या जूनपासून पुढच्या खोलीत जुना प्रोजेक्टर ठेवलाय, मागच्या खोलीत आणि गॅलरीत ४३ इंची टीव्ही एकेक. लॅपटॉपला एचडीएमआय (पडद्याकडे चित्र-आवाज पाठवायचं तोंड) एकच.

आधी एका दुकानदाराने दोन टोकांची साधी वाय केबल गळ्यात मारली. तिच्यावर एका वेळी एकच पडदा चालायचा, तोही त्याच्या मर्जीने. ती आता खिळ्याला लटकतेय. मग तपकीर गल्लीतून अडॅप्टरवाला एक इन चार आउट स्प्लिटर आणला. तिन्ही पडद्यांवर चित्र आलं, मी पेढे वाटायचेच बाकी होते.

मग भूमितीचं तिसरं प्रकरण आलं. वर्तुळ.

मी जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर आकृत्या काढते. पुढच्या खोलीत वर्तुळ छान गोल. मागच्या खोलीतून एक मुलगा उठून आला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे त्रिज्या समान नाहीत." मला वाटलं चेष्टा करतोय. पठ्ठ्याने पट्टी लावून टीव्हीवर मोजलं होतं: उभा व्यास ३० सेंटीमीटर, आडवा ४०. जाऊन बघते तर खरंच! स्पर्शिका बिचारी स्पर्श करतेय, पण त्रिज्येशी काटकोन करायचं तिने सोडून दिलंय. मी पुढे उभी राहून प्रमेय सिद्ध करतेय आणि मागे पंधरा मुलांच्या डोळ्यांसमोर ते धडधडीत खोटं ठरतंय.

आता खरी गंमत. ज्या गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला मागे वर्तुळ एकदम गोल दिसतं! पण त्याच दिवशी गॅलरीतल्या टीव्हीवर पांढरे ठिपके नाचतात आणि मधूनच दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो. प्रोजेक्टरवर वर-खाली काळे पट्टे येतात. शुक्रवारी पुन्हा मूळपदावर, मागे लंबवर्तुळ आणि गॅलरी ठणठणीत.

स्प्लिटर खराब आहे का? दुकानदार म्हणतो चारशे रुपये जास्त घाला, "फोर-के वाला" न्या. नेऊ का?

घाटावरचा

टीव्ही विका, एक मोठा स्मार्ट बोर्ड घ्या. कटकट संपली.

वर्तुळवाली

बोर्ड भिंतीपलीकडे दिसत असेल तर सांगा, उद्याच घेते.

जुनं खोड

व्हीजीएचा, म्हणजे एचडीएमआयच्या आधीच्या जुन्या केबलींचा जमाना बरा होता. मी पंधरा वर्षं एका संस्थेत प्रोजेक्टर लावायचं काम केलंय. लांब केबल टाकली की अक्षरांना सावली यायची, रंग फिके व्हायचे, पण चित्र दिसायचं. हे एचडीएमआय म्हणजे एक तर लख्ख, नाही तर अंधार. ताई, स्प्लिटरला दोष देऊ नका, गॅलरीची केबल बदला.

तारवाला

खोडसाहेब, गॅलरीपुरतं तुमचं बरोबर आहे, पण वर्तुळाचं दुखणं वेगळं आहे. ताई, नवीन काही घेऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा. स्प्लिटरच्या आउटपुट १ मध्ये कुणाची केबल आहे? गॅलरीची केबल किती लांब? आणि लाइट जाते त्या गुरुवारी तुमच्या हातून नेमकं काय वेगळं होतं? अगदी बटणं दाबायच्या क्रमासकट.

त्या मुलाला माझ्याकडून एक वडापाव द्या. अर्धं निदान त्यानेच केलंय. ४० भागिले ३०.

वर्तुळवाली

आउटपुट १ मध्ये प्रोजेक्टर (पहिला म्हणून पहिल्यात घातला), २ मध्ये मागची खोली, ३ मध्ये गॅलरी. मागची केबल ३ मीटर. गॅलरीची १५ मीटर, दोन दरवाज्यांच्या चौकटींवरून फिरवून नेलीय.

रोज रात्री मेन बंद करते, सकाळी चालू करते. त्यामुळे स्प्लिटर, टीव्ही, प्रोजेक्टर सगळ्यांना एकदम वीज मिळते. मग क्लासच्या वेळी रिमोटने एकेक सुरू करायचं. लाइट गेली की मात्र प्रोजेक्टरचा स्वतःचा स्विच बंद करून ठेवते, कारण मागे एकदा लाइट आली-गेली-आली आणि त्याचा दिवा उडाला. तो स्विच वर छताजवळ आहे, स्टुलावर चढावं लागतं. म्हणून सगळ्यात शेवटी, मुलं आल्यावर, एखाद्या उंच मुलाला चढवते.

आणि हो, एरवी लॅपटॉपवरही डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे असतात. गुरुवारी नसतात. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तारवाला

सापडलं. स्टूल हाच गुन्हेगार. (म्हणजे खरं तर उपकारकर्ता.)

एचडीएमआय म्हणजे नळ नव्हे, की एका पाइपाला तीन तोट्या बसवल्या आणि पाणी वाटलं. केबलमध्ये चित्र नेणाऱ्या तारांशिवाय बारीक बोलाचालीच्या तारा असतात. पडदा त्यांवरून लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक, माझं रिझोल्यूशन एवढं, मला आवाज चालतो की नाही. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. लॅपटॉप ते वाचून सिग्नल ठरवतो. तुमची वाय केबल म्हणूनच चालली नाही, एकाच तारेवर दोन पडदे एकदम आपली ओळख सांगायला लागले. हेडफोनला ती युक्ती चालते, इथे नाही.

स्प्लिटर मध्ये बसतो आणि तिघांच्या वतीने लॅपटॉपला एकच ओळखपत्र दाखवतो. कुणाचं, हे प्रत्येक डबीचं वेगळं असतं. तुमच्या लक्षणांवरून तुमची डबी वीज आल्या-आल्या आउटपुट १ चं कार्ड वाचते, तिथे कुणी नसेल तर पुढच्याचं, आणि मेन पुन्हा बंद होईपर्यंत तेच धरून बसते. एक नंबरला तुमचा जुना प्रोजेक्टर. तो सांगतो, "मी १०२४ बाय ७६८." म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. लॅपटॉप तेवढंच पाठवतो, म्हणून त्याच्याही बाजूंना काळे पट्टे. टीव्ही १६:९ चा, तो ते चित्र ताणून पडदा भरतो. ४:३ चं १६:९ करताना आडवं माप बरोबर ४/३ पट होतं. ३० चे ४०. पट्टीवाल्याचा आकडा दशांशापर्यंत जुळतोय!

गुरुवारी प्रोजेक्टरचा स्विच बंद. काही प्रोजेक्टर बंद असतानाही ओळख देतात, तुमचा देत नाही असं दिसतं. डबीला एक नंबरवर कुणी सापडत नाही, ती मागच्या टीव्हीचं कार्ड वाचते: १९२० बाय १०८०. टीव्ही खुश. नंतर उठलेला प्रोजेक्टर ते चित्र आक्रसून दाखवतो, म्हणून त्याच्यावर वर-खाली पट्टे. तो खराब नाहीये, तो प्रमाण राखतोय.

आता गॅलरी. १०२४ बाय ७६८ ला सेकंदाला साधारण १.९५ गिगाबिट जातात. १०८० ला ४.४५. दुपटीहून जास्त. तुमची १५ मीटरची तार पहिलं ओझं पेलते, दुसऱ्याला धापा टाकते. पांढरे ठिपके म्हणजे वाटेत चुकलेले बिट, काळा पडदा म्हणजे टीव्हीने हात टेकले. म्हणून ज्या दिवशी मागची खोली सुखी त्या दिवशी गॅलरी दुःखी.

फोर-के वाली डबी घेऊन यातलं काहीही सुटायचं नाही. पैसे ठेवा.

हे करा. मेन बंद करून केबली बदला: मागचा टीव्ही आउटपुट १ मध्ये, प्रोजेक्टर २ मध्ये. मेन चालू. आता वार कुठलाही असो, स्टूल कधीही लागो, ओळखपत्र टीव्हीचंच जाईल. मग लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. ते १६:९ आहे, म्हणून वर्तुळ तिन्हीकडे गोल, आणि ओझं फक्त २.२ गिगाबिट, जवळपास रोजच्याइतकंच. गॅलरीची तार ते पेलेल असं वाटतं.

एक खाच आहे. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात, डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि ॲक्टिव्ह सिग्नलचं. डेस्कटॉप ७२० दाखवून सिग्नल १०८०च जातोय, असं कधीकधी होतं. तसं दिसलं तर तिथेच खाली ॲडॉप्टर प्रॉपर्टीजमध्ये "लिस्ट ऑल मोड्स" आहे, त्यातून १२८० बाय ७२०, ६० हर्ट्झ निवडा.

जुनं खोड

एवढा खटाटोप कशाला? टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझ ४:३ केला तरी वर्तुळ गोल होईल. फुकटात.

तारवाला

होईल, मान्य. आजच्या बॅचसाठी हेच करा ताई. पण मग ४३ इंची टीव्हीचा दोन्ही बाजूंचा मिळून पाव भाग काळा, आणि लाइट गेलेल्या गुरुवारी पुन्हा सगळं उलटंपालटं.

पाचवा मजला

मध्येच विचारतो. गॅलरीत वेगळी बॅच बसवून त्या टीव्हीवर फक्त प्रश्नपत्रिका आणि बाकी दोन्हीकडे धडा, असं याच डबीवर जमेल का? आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असंच काहीतरी करायचंय.

तारवाला

नाही. स्प्लिटर झेरॉक्सवाला आहे, जे आलं त्याच्या प्रती काढतो. विंडोजला तो अख्खा मिळून एकच पडदा दिसतो. वेगळं चित्र हवं तर लॅपटॉपमधून वेगळी वाट काढावी लागते. यूएसबीवरून एचडीएमआय देणारा अडॅप्टर मिळतो. किंवा लॅपटॉपच्या टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्ट (चित्राचा दुसऱ्या प्रकारचा सिग्नल) निघत असेल तर एमएसटी हब. त्यात एकाच वाटेने दोन-तीन स्वतंत्र पडदे जातात. मॅकबुक असेल तर हबच्या फंदात पडू नका, तिथे सगळ्या पडद्यांवर एकच चित्र येतं. आणि हॉलमध्ये ओटीटीवरचा सिनेमा दाखवायचा विचार असेल तर त्याला कॉपीबंदीचं कुलूप असतं. साखळीतला एखादा जुना पडदा त्यात नापास झाला की चित्र काळं येऊ शकतं.

वर्तुळवाली

केलं. केबली बदलल्यावर नुसती १०८० वर गॅलरी अपेक्षेप्रमाणे चमचमायला लागली. ७२० केलं, तरी चमचमतच होती. मी हा धागा पुन्हा वाचला आणि ती दुसरी ओळ बघितली. खरंच, सिग्नल १०८०च जात होता! लिस्ट ऑल मोड्समधून निवडल्यावर पडदा एकदा काळा झाला, माझा श्वास अडकला, आणि मग तिन्हीकडे चित्र शांत. काल दीड तासाच्या बॅचमध्ये गॅलरीतून एकदाही "मॅडम, गेलं" आलं नाही.

पट्टीवाल्याला मुद्दाम पुन्हा मोजायला लावलं. ३३ बाय ३३. त्याने वडापाव घेतला आणि म्हणाला, तिरका व्यासही मोजतो, दोन दिशांवरून वर्तुळ सिद्ध होत नाही. त्याच्यापुढे मी काय बोलणार. मोजला, ३३.

पुढच्या खोलीतली पहिल्या बाकावरची मंडळी मात्र कुरकुरताहेत, की भिंतीवरचं चित्र आधीपेक्षा बुटकं झालं आणि वर-खाली काळे पट्टे आले. प्रोजेक्टर एक फूट मागे सरकवता येईल, पण मागे कपाट आहे. तारवाले दादा, गॅलरीलाही कधी १०८० द्यायचं झालं तर काय घेऊ? घाई नाही, दिवाळीनंतर.

तारवाला

नेटवर्कची कॅट-६ केबल आणि दोन्ही टोकांना एचडीएमआय एक्स्टेंडरच्या डब्या. किंवा फायबरवाली एचडीएमआय केबल. फायबरची घेतलीत तर तिला दिशा असते, टोकांवर लिहिलेलं असतं कुठलं पडद्याकडे. चौकटींवरून फिरवण्याआधी ते वाचा आणि जमिनीवरच जोडून बघा. मी एकदा १५ मीटर उलटी ओढून बसवली होती, केसिंगची पट्टीसुद्धा ठोकून झाली होती.

कपाट हलवू नका. पहिला बाक मागे घ्या.